खाचरातली फीत

ती घटना आठवली की आजही आधी हसू येते आणि मग अंगावर काटा येतो. एका निरपराध माणसाच्या हातात बेड्या पडायला फार थोडे अंतर उरले होते.

मी तेव्हा मावळात फौजदार होतो. दिवाळी तोंडावर आली होती, भाते पिकत होती. एका सकाळी पुण्याच्या विद्यापीठ ग्रंथालयातले एक वरिष्ठ साहेब ठाण्यात आले. लोणावळ्यातल्या एका जुन्या घराण्याकडे मावळातल्या गावांची मोडी कागदपत्रे होती. ग्रंथालयाने तिथे यंत्र नेऊन त्या कागदांचे फोटो फितीवर उतरवले आणि फितींची रिळे पत्र्याच्या पेटीत घालून एक तंत्रज्ञ आणि ड्रायव्हर यांच्यासोबत जीपने पुण्याला रवाना केली. जीप पोचली, पेटी नाही. कागद इतके जीर्ण होते की घराणे ते पुन्हा उघडू द्यायला तयार नव्हते.

साहेबांचा संशय पक्का होता. लोणावळ्यात उतरलेला एक परका गृहस्थ त्या फितींसाठी वाटेल ती किंमत द्यायला तयार होता आणि त्या तंत्रज्ञाशी बोलताना दिसला होता. "तंत्रज्ञाला अटक करा, आपोआप बोलेल," साहेब म्हणाले. मी फिर्याद नोंदवून घेतली. अटकेचे मात्र बघू म्हणालो. पुराव्याआधी बेडी घातली की माणूस बोलतो खरा, पण खरेच बोलतो असे नाही.

तो तंत्रज्ञ तिशीच्या आतला, नुकतेच लग्न झालेला. नोकरी अजून कायम झाली नव्हती. त्यामुळे चोरीचा नुसता डाग लागला तरी संसार उघड्यावर येणार होता. जबाब घेताना मी विचारले की दप्तरभर कागद एका पेटीत मावतात तरी कसे? झाले, गडी खुलला. काळ्या फितीवर नखाएवढे पान उमटते, अक्षरे पांढरी दिसतात, यंत्रात घातली की पडद्यावर पान जसेच्या तसे, हे सगळे त्याने समजावले. चौकशीला बसलेला मी शिकवणीलाच बसलो म्हणा ना. त्या गृहस्थाला आपण साफ नकार दिला, हेही त्याने न अडखळता सांगितले. पण जीप कोणत्या रस्त्याने आली, असे विचारताच मान खाली. खोटे बोलणारा सगळीकडे अडखळत नाही, जिथे काही पुरलेले असते तिथेच अडखळतो.

त्याच दुपारी कामशेतच्या एका हॉटेलवाल्याकडून खबर आली. सरकारी दिसणारी ती जीप पुण्याकडे न जाता वडिवळ्याच्या रस्त्याला वळली होती आणि मागे एक बाई बसली होती.

हे ऐकवल्यावर तंत्रज्ञाला रडूच फुटले. ड्रायव्हरची बहीण दिवस भरत आलेली, तिला वडिवळ्याला माहेरी सोडायचे होते. तिला बसायला जागा व्हावी म्हणून यानेच पेटी मागे फाळक्याला टेकवून ठेवली. परत मोठ्या रस्त्याला लागल्यावर बघतात तर फाळका उघडा आणि पेटी गायब. मागे जाऊन शोधली, सापडली नाही. "मी बोललो असतो तर त्याची नोकरी गेली असती, साहेब." आणि त्यापायी हा स्वतः तुरुंगात जायला निघाला होता. मला त्याचा राग आला आणि कौतुकही वाटले.

पेटी रस्त्यावर पडली, तर ज्याला सापडली त्याला आत काय दिसले असेल? काळी फीत. एवढे मनात आले आणि मी टोपी उचलली. जत्रेतले तंबूवाले सिनेमाच्या तुटक्या फिती टाकून जातात आणि मावळातली माणसे त्या पाखरे हाकायला भातावर बांधतात, हे मी कितीदा पाहिले होते.

तंत्रज्ञ आणि हवालदाराला घेऊन वडिवळ्यात पोचलो, तर एक खाचर उन्हात नुसते लखलखत होते. माचावर एक म्हातारी राखणीला बसली होती. पेटीचे विचारताच तिने ती माचाखाली दाखवली. आत बाकीची रिळे तशीच होती.

"तंबूवाल्यांची असंल म्हनून आनली. लय ब्येस फीत, बांधल्यापास्नं एक पाखरू बसलं न्हाई."

पंचनामा झाला. फीत काढायला लागलो, तशी ती खाली उतरली आणि त्यात काय आहे, असे विचारू लागली. तंत्रज्ञाने भिंग लावून फीत उन्हात धरली, थोडी वाचली आणि थबकला. तिच्याच गावच्या खाचरांच्या हद्दीचा जुना निवाडा होता तो.

"म्हंजी आमच्याच गावाचं हाय," म्हातारी म्हणाली. "मंग एवढं बारीक करून कुलपात कुनासाठी ठिवताय?"

तंत्रज्ञाने भिंग खिशात घातले आणि फीत रिळावर गुंडाळायला घेतली.

फितींवर थोडे ओरखडे होते, अक्षरे शाबूत होती. प्रकरण मिटले. ड्रायव्हर नुसत्या साहेबांच्या शिव्यांवर सुटला आणि तंत्रज्ञ पुढे कायम झाला. त्याआधी दुसऱ्याच दिवशी वाया गेलेल्या फितीचे भेंडोळे घेऊन तो वडिवळ्याला गेला आणि म्हातारीच्या भातावर स्वतः बांधून आला.

चोर शोधण्याआधी वस्तू ज्याला सापडेल त्याच्या नजरेने पाहावी, हे मी तिथे शिकलो. बदली होण्यापूर्वी एकदा वडिवळ्याच्या देवळात टेकलो होतो. भिंतीवर काचेच्या चौकटीत त्या निवाड्याची, तंत्रज्ञाने फितीवरून काढून दिलेली मोठी प्रत लावलेली होती, खाली बाळबोध लिपीत मजकूर. दोन शेतकरी तिच्यापुढे उभे राहून आपल्या बांधावरून तावातावाने भांडत होते. मी मध्ये पडलो नाही.