तात्यांनी केलेलं आमचं कुमसार

आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी होती आणि आम्ही मालवणच्या किनाऱ्यावर. मे महिना संपत आलेला, पावसाआधीची ही शेवटची बोट. ती चुकली असती तर गणपती उलटेपर्यंत मुंबईचं नाव काढता आलं नसतं. बाबांनी माझी पत्र्याची ट्रंक बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढवली. मांयने रोजच्या जपमाळेचं तिसऱ्यांदा बजावलं, "तेर्स चुकव नको गो, थकलंस तर बसान म्हण, पण म्हण." आणि आमचे शेजारी तात्या गुडघाभर पाण्यात येऊन ओरडले, "फिलू, थंय नाटक लागलां तर बघून घी आणि माका लिवन धाड!" पडावातली सगळी माणसं हसली. मी रडत होते, मधेच हसतही होते, आणि त्या गडबडीत कोणाला नीट हातसुद्धा हलवला नाही.

मालवणात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बोचकं बांधून कुठेकुठे जाऊन बसलेल्यांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. नर्सिंग शिकून मी मुंबईला पाच वर्षं काढली आणि आता इंग्लंडात लेस्टरला स्टाफ नर्स आहे. नुकताच इथे ईस्टर झाला. सकाळची शिफ्ट संपवली, युनिफॉर्मवर जाडजूड कोट चढवला आणि चर्चला गेले. इथे मिस्सा, चर्चमधली उपासना, आता इंग्रजीत असते. शब्द न् शब्द कळतो. तरी मला आपलं लॅटिन आठवत राहतं, ज्यातलं एक अक्षर कळत नव्हतं आणि जे सगळं पाठ होतं. बाजूची बाई दरवर्षी मला चॉकलेटचं अंडं देते. ती फार चांगली आहे, पण चॉकलेटच्या अंड्याला पास्कांचा वास कुठून येणार?

पास्कां म्हणजे आपला ईस्टर, हे इथे कोणाला सांगू? त्याआधीचे चाळीस दिवस उपासाचे. शुक्रवारी मटण वर्ज्य आणि मासळीला मोकळीक. मालवणच्या माणसासाठी हा उपास ज्याने शोधून काढला त्याचे पाय धरावेत. तळलेला बांगडा पुढ्यात घेऊन आम्ही अगदी भक्तिभावाने दुःख भोगायचो. झावळ्यांच्या रविवारी माडाच्या कोवळ्या पातीचे क्रूस विणायचे, त्यात माझा हात चांगला होता, मांयपेक्षासुद्धा. मोठ्या गुरुवारी घंटेची दोरी वर बांधून ठेवायची आणि तिच्या जागी लाकडी मात्राक खडखडायची. पेटीही बंद. मग शनिवारी रात्री ग्लोरियाचं गाणं सुरू झालं की घंटा, पेटी आणि गळे सगळे एकदम मोकळे व्हायचे, मूर्तींवरचे जांभळे पडदे सर्रकन खाली यायचे आणि मांय डोळे पुसायची. दरवर्षी, न चुकता. दुसऱ्या दिवशी सान्नां आणि वड्यांची ताटं आमच्या घरातून मधल्या दगडी गडग्यापलीकडे तात्यांच्या घरी जायची.

ती पेटी बाबा वाजवायचे. आमच्या चर्चच्या माडीवर बसून माझे बाबा, सांतान, वीस वर्षं पेटी वाजवत होते. आणि तात्या दशावतारात राजाचं काम करायचे. दिवसा भातशेती आणि काजू, जत्रा सुरू झाल्या की राजे. आवाज असा की शेतातून बैलाला हाक मारली तर आमच्या चुलीवरचं भांडं हलायचं. मी मुंबईला निघाले त्याच्या दोन वर्षं आधी, उपासकाळातच, त्यांचा पेटीवाला तापाने आडवा झाला. तात्या बाबांकडे आले आणि बाबा नाही म्हणू शकले नाहीत. उपासकाळात नाटक बघणंही आम्हाला मना होतं, बाबांनी तर तीन खेळ वाजवले. आम्हाला घरात माहीत होतं, चर्चमध्ये कोणाला नाही.

पास्कांच्या सकाळी मिरवणूक फिरून परत आली. उठलेल्या येशूची मूर्ती छत्राखालून मोठ्या दारातून आत येऊ लागली, सगळे उभे राहिले, आणि वर माडीवर बाबांनी पेटीवर हात ठेवला. आम्ही गाण्यासाठी तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. दशावतारात राजा प्रवेश करतो तेव्हा जी चाल वाजते, ती पेटीतून वाजत होती. ठसक्यात, एकही सूर न चुकता. आठवडाभर जागरणं झालेली, आणि बोटांना शेवटची पाठ झालेली चाल ती होती. एवढंही निभावलं असतं. पण तात्या सणाचे म्हणून धुतलेलं धोतर नेसून दारापाशी उभे होते. त्यांचा पाय उचलला गेला. राजाच्या ऐटीत, छाती काढून, ते मूर्तीच्या पुढे तीन पावलं चालत आले आणि मग आपण कुठे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. बायकांच्या बाजूला अशी खसखस पिकली की म्हाताऱ्या कार्मेलीनला खाली बसवावं लागलं.

विगार, म्हणजे आमच्या चर्चचे मुख्य फादर, सरळ आणि कडक माणूस. या दोघांनी ठरवून टिंगल केली असं त्यांनी धरलं. मिस्सा झाल्यावर त्यांनी बाबांना पेटीवरून उतरवलं. बाबा हट्टी. खरं काय ते सांगितलं असतं तर मिटलं असतं, पण ते म्हणाले, "राजाच येय होतो मा आत? मगे राजाची चाल वाजली. काय चुकलां?" तात्यांनाही त्यांनी तोंड उघडायचं नाही म्हणून शपथ घातली. आणि पास्कांचं कुमसार, वर्षातून एकदा तरी फादरपुढे आपली पापं कबूल करायचं ते, बाबांनी सोडून दिलं.

पास्कांनंतरच्या दोन आठवड्यांत विगार घरोघर जाऊन पवित्र पाणी शिंपडून घरं आशीर्वादित करायचे. मांयने त्या वर्षी अंगण सारवलं, टेबलावर पांढरी चादर घातली, क्रूस आणि दोन मेणबत्त्या मांडल्या. विगार आमच्या गडग्यावरून सरळ पुढे गेले. पुढच्या वर्षीही मांयने सारवलं, पुढच्या वर्षीही ते पुढे गेले. मग तिने चादर घडी करून ट्रंकेत ठेवली आणि चुलीपाशी गेली. बाबांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तेवढं मी त्यांना फार दिवस माफ करू शकले नाही.

मग माझी पाळी आली. मुंबईच्या एका मिशनच्या हॉस्पिटलात मला नर्सिंगला घ्यायला तयार होते. अट एकच, आपल्या फादरांचा दाखला, की हे घर धर्म पाळणारं आहे. तोही जूनच्या आत. मी विगारांकडे गेले. ते वाईट बोलले नाहीत, त्यांना माझं वाईट वाटत होतं हे दिसत होतं. म्हणाले, "ज्या घराचो बापूस कुमसाराक येणा नाय, त्या घराबद्दल मी काय लिवू? खोटां लिवू? तेका सांग, येवन चूक कबूल कर." मी घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "चूक झालीच नाय तर कबूल काय करू? खोटां कुमसार करू?" दोघंही खोटं बोलायला तयार नव्हते, आणि त्या दोन खऱ्या माणसांच्या मधे माझं नर्सिंग अडकून बसलं. तो सबंध पवित्र आठवडा मी बाबांशी बोलले नाही. गडग्यापाशी मात्र तात्यांपुढे मनसोक्त रडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुमचां ता कुमसार खंयच्या वारी आसता गो?" मला वाटलं, माझं मन दुसरीकडे वळवायला विचारताहेत. मी सांगितलं, शनिवारी.

पास्कांनंतरच्या शनिवारी दुपारी चर्चमध्ये कुमसाराची रांग लागली होती. तेव्हाची पद्धत तुम्हाला आठवत असेल. पुरुष विगारांच्या समोर गुडघे टेकत, बायका बाजूच्या जाळीच्या खिडकीशी. मांय आणि मी बायकांच्या रांगेत होतो. कार्मेलीन उठून गेली आणि आमच्या पुढे कोणीतरी शिरलं. धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं. तात्या! त्यांनी बायकांच्या खिडकीशी गुडघे टेकले, कारण आत्ताच तिथून कोणीतरी उठलेलं त्यांनी पाहिलं होतं. मांयने माझा दंड असा धरला की वळ उठले. आणि तात्यांना कुजबुजणं म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. जन्मभर ते शेवटच्या चटईवरच्या माणसाला ऐकू जाईल असंच बोलत आले होते.

"फादर, मी तुमच्यातलो न्हय. पण पाप माजां आसा, म्हणान इलंय."

 जाळीमागून विगारांचा आवाज, "ही बाजू बायलांची."

"खंयची बाजू ती आसूंदे. सांतानाक पेटयेर मी बसवलंय. आमचो पेटीवालो तापान आडवो पडललो. आणि त्या दिवशी पाय उचललो तो माजो, ठरवन न्हय, सवयीन. देवाची शपथ, तुमच्या आणि माज्या, दोघांच्याय. तेना माका बोलूक दिल्यान नाय. आता तो तरी काय करतलो, आणि तुमी तरी काय करतलात? पण त्या चेडवाचो दाखलो अडवू नकात."

सगळं चर्च ऐकत होतं. मात्राकेच्या दिवसांतसुद्धा ते इतकं शांत नसायचं. विगार म्हणाले, "कुमसारात आपलां पाप सांगूचां आसता. शेजाऱ्याचां न्हय."

"मगे ह्या माजांच मा?" तात्या म्हणाले, आणि उठून, बायकांकडे बघून जरा ओशाळून, निघून गेले. मांय इतकी गांगरली की आपल्या पाळीला तिला एकही पाप आठवेना.

मंगळवारी विगार आमच्या वाडीत आले. पुढे घंटी वाजवणारा, मागे ते. मांयने चादर घातली होती, मी मात्र तिला आदल्या दिवशीच म्हटलं होतं, नको घालू. गडग्यापाशी घंटी थांबली. मी खिडकीतून बघत होते. विगार वळले आणि आमच्या अंगणात आले. बाबा मागे माडांना पाणी घालत होते, ओल्या पायांनीच पुढे आले. 

"सांतान," विगार म्हणाले, "त्या चालीचां माका काय एक सांगू नको. ती सोडून तीन वर्सांत आणखी काय पापां केलंस?"

बाबांनी डोकं खाजवलं. "ती मस्त आसत, फादर."

"मगे बस."

फणसाखाली दोन पाट मांडले आणि बाबांनी तिथेच कुमसार केलं. आम्ही दोघी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. खरंच मस्त, म्हणजे पुष्कळ, असावीत, कारण बराच वेळ लागला. बाहेर आलो तर बाबांचे डोळे लाल आणि चेहरा पोराचा झालेला. विगारांनी एक एक खोली शिंपडली, चुलीवर, ट्रंकेवर, माझ्यावर जरा जास्तच, आणि त्याच पांढऱ्या चादरीवर कागद ठेवून दाखला लिहिला. प्रायश्चित्त म्हणून बाबांना पुढच्या रविवारी पेटीवर बसायचं होतं. असं गोड प्रायश्चित्त मी पुन्हा कधी ऐकलं नाही. आणि विगार आमच्याकडून निघाले ते गडगा ओलांडून तात्यांच्या अंगणात गेले. शिंपडायला नव्हे. गूळ-पाणी घ्यायला. तिथे दोघं हसताना मी ऐकलं, तात्यांचं हसणं तर अख्ख्या वाडीने ऐकलं.

म्हणून मी त्या बोटीत बसू शकले. हे सगळं आता आठवायचं कारण असं, की मांयचं पत्र आलं, उपासकाळात तात्या गेले. झोपेत गेले, त्रास नाही झाला. मी दोन दिवस वॉर्डात कामं केली, इंजेक्शनं दिली, चार्ट भरले, आणि तिसऱ्या दिवशी चादरींच्या खोलीत शिरून रडले. तुम्ही विचाराल, इतक्या लांब जाऊन घर म्हणजे काय उरलं? मला माडही आठवतात आणि समुद्रही, पण खरं सांगायचं तर घर म्हणजे मला ती रांग वाटते, जिथे आपली अडचण आपल्या आधी दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षात येते आणि तो चुकीच्या खिडकीशी का होईना, जाऊन गुडघे टेकतो.

ईस्टर झाल्यावर मी इथल्या फादरांकडे गेले, गेलेल्या माणसासाठी एक मिस्सा सांगायला. आयरिश म्हातारे आहेत, मायाळू, पण कान थोडे जड. त्यांनी वही उघडली, मला नाव परत परत उच्चारायला लावलं आणि इंग्रजी अक्षरांत कसंबसं 'तात्या' लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, तुमच्याच पॅरिशचे, म्हणजे तुमच्या चर्चच्या मंडळीतले, होते का?

मी म्हटलं, "होय. आमच्याच पॅरिशचे."

त्यांनी तसं लिहून घेतलं. शनिवारी मी कुमसाराला गेले, महिन्याभराची सगळी पापं एक एक करून सांगितली. हे सांगितलं नाही.