रुपये की रियाल

जुन्नरच्या बाजारपेठेत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती घेऊन येतात. मी जळकी तार काढतो आणि नवी भरतो. किती नंबरच्या तारेचे किती फेरे, हे माझ्या बोटांना पाठ आहे. त्यामुळे आपल्याला हिशोबातलं कळतं, असा माझा समज होता. मोठ्या बहिणीला घेऊन मक्केला उमऱ्याच्या यात्रेला जाऊन आलो आणि तो समज गेला.

बहिणीला आम्ही आपा म्हणतो. ती मंचरला असते. मेहुणे वारल्यापासून गोधड्या शिवून आणि साड्यांना फॉल लावून ती एकटी राहते. मक्केला जायचं म्हणून तिने कितीतरी वर्षं पैसे बाजूला टाकले होते. बचत खात्यावर बँक जे व्याज जमा करते, ते ती दरवर्षी पासबुकात बघून तेवढंच काढायची आणि कुणातरी गरजवंताला देऊन टाकायची. व्याज घेणं नाही आणि देणंही नाही, एवढं तिचं पक्कं होतं. या वर्षी ती म्हणाली, "चल, आता माझे गुडघे वाट बघणार नाहीत."

जायची बातमी दुकानात पसरली आणि सल्ले सुरू झाले. खोडदचे एक बागायतदार, ज्यांचा मुलगा परदेशात नोकरीला आहे, ते म्हणाले, "भाऊ, रोख लई नेऊ नका. आमचं पोरगं समदं कार्डावर करतं. तिथं खिसा कापला तर कुनाला सांगनार?"

दुसऱ्या दिवशी आणे गावचे एकजण मोटार न्यायला आले. "कार्ड? नाय राव. माझा मेव्हना गेल्ता दुबईला. कार्डानं इतकं कापलं, की त्याला कळलंबी न्हाई कशाचं कापलं व्हतं. रोखच बरी."

मी दोघांचंही ऐकलं. सौदीचे थोडे रियाल पुण्यातून बदलून घेतले आणि दोन कार्डं बरोबर ठेवली, एक डेबिट, एक क्रेडिट. कार्डांचं विचारायला बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी नीट समजावलं. परदेशात कार्ड वापरलं की बँक शंभरामागे तीन-साडेतीन रुपये मार्कअप घेते, त्यावर जीएसटी. मशीनवर रुपये की रियाल असं विचारलं, तर रियाल निवडायचं. "आणि तिसरी महत्त्वाची गोष्ट," असं त्या म्हणाल्या, तेवढ्यात मागच्या बाईंनी पासबुक पुढे सारलं आणि ती गोष्ट राहून गेली. आपले रुपये असताना रियाल का निवडायचे, हे मला कळलं नव्हतं. तरी मी मान डोलावली. बँकेत मी नेहमी मान डोलावतो.

आमचा ग्रुप जुन्नर, मंचर आणि घोडेगावच्या माणसांचा. पहिला उमरा पोचल्याच दिवशी झाला. काबा समोर दिसला तेव्हा आपाने माझी बाही घट्ट धरली.

चौथ्या दिवशी चपला ठेवायच्या जागी गर्दीत आपाचा चष्मा पडला आणि त्यावर कुणाचा तरी पाय पडला. चष्म्याशिवाय तिला कुराण वाचता येईना. हॉटेलजवळ चष्म्याचं दुकान होतं. दुकानदार केरळचा, हिंदी बोलणारा. नवा चष्मा तयार झाला आणि मी डेबिट कार्ड दिलं. मशीनने नकार दिला. पुन्हा दिलं, पुन्हा नकार. मी मोबाइलवरून कार्डाचं इंटरनॅशनल चालू करून आलो होतो, पण ते फक्त ऑनलाइन खरेदीचं बटण होतं. दुकानाचं वेगळं आणि एटीएमचं वेगळं, हे नंतर कळलं. आता बदलायचं तर ओटीपी येणार भारतातल्या नंबरवर, आणि रोमिंग नसल्याने ते सिम काढून मी इथलं घातलं होतं.

मग क्रेडिट कार्ड काढलं. ते आधी एकदा ऑनलाइन तिकिटासाठी पोरीने सगळीकडे चालेल असं करून दिलं होतं. मशीनवर दोन आकडे आले, एक रियालचा, एक रुपयांचा. मॅडमनी काय सांगितलं होतं? रुपये निवडा, की रुपये निवडू नका? दुकानदार म्हणाला, "इंडियन रुपी करो, टेन्शन नहीं, कितना कटा तुरंत दिखेगा." मागे तीन माणसं उभी होती. मी रुपये दाबले.

संध्याकाळी हॉटेलच्या पायरीवर बसून भागाकार केला. पुण्यात ज्या भावाने रियाल घेतले, त्यापेक्षा हा भाव बराच वर होता. शेजारी आमच्या ग्रुपमधले घोडेगावचे चाचा बसले होते. ते बँकेतून रिटायर झालेले. त्यांना विचारलं.

"तुम्ही रुपये म्हणालात की भाव मशीनवाल्याचा," ते म्हणाले. "रियाल म्हणालात की भाव तुमच्या कार्डाचा. मशीनवाला स्वतःचं काढून घेऊनच भाव लावतो."

"म्हणजे आपल्या पैशात दिलं तर महाग?"

"हो."

"मग ते विचारतात कशाला?"

"म्हणूनच विचारतात."

मला पटलं, पण कळलं नाही. मी ठरवलं, की आता कार्ड दुकानात द्यायचंच नाही. एटीएममधून एकदाच रोख काढायची, म्हणजे पुढची कटकट मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. डेबिट कार्ड इथेही चालेना, म्हणून क्रेडिट घातलं आणि पाचशे रियाल सांगितले. पुन्हा पडद्यावर रुपयांचा भाव आला. खाली दोन बटणं होती, मान्य आणि अमान्य. अमान्य दाबलं तर कार्ड आतच राहील, अशी मला धास्ती. तरी अमान्य दाबलं. नोटाही आल्या, कार्डही आलं! मी जिंकल्यासारखा हॉटेलवर परतलो आणि चहा पिता पिता सगळ्यांना सांगितलं.

चाचांनी कप खाली ठेवला. "कुठलं कार्ड?"

"क्रेडिट."

"अहो, क्रेडिटवर रोख? त्याला मुदत नसते. नोट हातात आली त्या दिवसापासून व्याज."

मॅडमची तिसरी गोष्ट काय होती, ते मला तेव्हा कळलं. आपा शेजारीच होती. टोस्ट चहात बुडवता बुडवता थांबली. "व्याज?"

"थोडंसं असेल आपा. आणि आपण घेत नाही, देतोय."

"देणं वेगळं असतं का? या पैशाने मी इथे काही करणार नाही. जा, परत टाकून ये."

"मशीन परत घेत नाही."

"देतं तर घेत का नाही?"

मी चाचांकडे पाहिलं. ते म्हणाले, घरून कुणाला तरी आत्ता क्रेडिट कार्डाचे पैसे भरायला सांगा. मी जुन्नरला पोरीला फोन लावला. तिने तिच्या आईच्या खात्यातून भरले, दोन मिनिटांत.

"अब्बू, झालं."

"व्याज थांबलं का?"

"पेमेंट मिळालं असं आलंय. व्याजाचं काहीच दिसत नाही."

"एखाद्या दिवसाचं लागेलच," चाचा म्हणाले, "शिवाय रोख काढायची फी वेगळी."

"ती फी म्हणजे व्याजच का?" आपाने विचारलं.

चाचांनी कप पुन्हा उचलला. "नाही. ती नुसती फी."

"कशाची?"

"सोयीची," ते म्हणाले, पण त्यांचा आवाज काही खात्रीचा नव्हता.

त्याच दिवशी आपाला मेहुण्यांच्या नावाने दुसरा उमरा करायचा होता. त्यासाठी शहराबाहेरच्या हद्दीवरच्या मशिदीत जाऊन नियत, म्हणजे उमऱ्याचा संकल्प, करून यावं लागतं. मी टॅक्सी ठरवणार होतो त्याच पाचशेतून. माझ्याकडचे पुण्याचे रियाल खाण्यापिण्यात आणि सिममध्ये संपत आले होते. आपाने ओढणीखालून कापडी बटवा काढला. त्यात गोधड्यांच्या पैशांतून बदललेले थोडे रियाल होते, मंचरच्या शेजारणींना खजूर न्यायला ठेवलेले. "खजूर थोडा कमी नेऊ," ती म्हणाली. टॅक्सीऐवजी आम्ही बसने गेलो आणि बसनेच परत आलो. तिचे गुडघे दुखत होते, पण तिने एकदाही म्हटलं नाही.

काब्याभोवती सात फेरे घालायचे असतात. मला सांगायला लाज वाटते, पण माझ्या डोक्यात सगळा वेळ साडेतीन टक्के आणि मान्य-अमान्य चाललं होतं. फेरे मोजणारा माणूस मी, पण कितवा फेरा चालू आहे ते मला आठवेना. पाचवा की सहावा? मी आपाकडे पाहिलं. ती मेहुण्यांसाठी दुआ मागत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. न थांबता तिने पाच बोटं दाखवली आणि दुसऱ्या हाताचं एक. मी तिच्यामागे चालत राहिलो.

पाचशे रियाल तसेच घडी न मोडता परत आले. पुण्यात बदलायला गेलो, तर विकण्याचा भाव वेगळा आणि विकत घेण्याचा वेगळा. तिथेही थोडे गेले. पुढच्या महिन्यात बिल आलं. रोख काढण्याची फी, त्यावर जीएसटी, व्याज, त्यावरही जीएसटी. चष्म्यावरसुद्धा परदेशी व्यवहाराचं काहीतरी लावलेलं. बिल घेऊन मी मॅडमकडे गेलो.

"चष्म्याचे तर मी रुपयात दिले होते."

"रुपयात दिले, पण दुकान परदेशातलं ना."

"मग रुपयाचा फायदा काय?"

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर रियाल सांगितलं होतं."

मी मान डोलावली.

एका शुक्रवारी मंचरला गेलो. आपाने मौलानांना विचारलं होतं. नकळत झालं, मनावर ओझं घेऊ नका, असं ते म्हणाले होते. तरी तिला आकडा हवा होता. मी सांगितला. नुसतं व्याज तर तिच्या दोऱ्याच्या रिळाच्या किमतीएवढंही नव्हतं, बाकी सगळी फी आणि कर.

तिने पुढ्यातली गोधडी बाजूला केली. "मग ती रोख काढलीस कशाला?"

"फी वाचवायला."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. इतकी हसली, की शेजारीण दारात येऊन काय झालं विचारू लागली. मीही हसलो. शेजारणीला काय झालं ते सांगायला आम्ही दोघांनी दोनदा सुरुवात केली, पण दोन्ही वेळा मध्येच अडकलो. आपाच्या मनातून ती व्याजाची गोष्ट गेली की नाही, हे मला अजून माहीत नाही. विचारायचं धाडस झालेलं नाही.