नव्या कॉम्प्युटरमध्ये न आलेलं फोल्डर

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. त्यात ना खून होता, ना दरोडा. इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपते न संपते तोच एक तरुण विधवा तक्रारअर्ज घेऊन आली.

वर्षभरापूर्वी नरसिंहपूरला मोजक्या माणसांत तिचं लग्न झालं होतं. नोंदणी करायची राहिली, अल्बमही बनवायचा राहिला. भिगवणजवळ हायवेवर नवरा अपघातात गेला आणि तेरावा होताच सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. लग्न झालंच नाही, असं ते म्हणू लागले. साक्षीदार सगळे त्यांच्याच भावकीतले. पुरावा उरला फोटोंचा, आणि फोटोग्राफर म्हणत होता, जुन्या कॉम्प्युटरमधून नव्यात ते आलेच नाहीत.

"मुद्दाम पुसल्यात फोटू त्यांनी," ती म्हणाली. "माझ्याकडं वर बघून बोलत न्हाईत."

त्यातच खबऱ्याकडून कळलं की तिचा दीर आठवड्यापूर्वी त्या स्टुडिओत चहा पिऊन गेला. मी मनातल्या मनात निकाल लावून टाकला. फोटोग्राफर फुटला.

फोटोग्राफर साठीचे, गाव त्यांना तात्या म्हणायचं. त्यांना ठाण्यात बोलावलं. बाईही समोरच बसलेली. दीर कशाला आला होता? पोराच्या वाढदिवसाचे फोटो न्यायला. बरं, हिच्या लग्नाचे फोटो कोणत्या नावाने ठेवले होते? इथे तात्या गप्प. घाम पुसतात, छताकडे बघतात. मी आवाज चढवला, नाही नाही ते बोललो. अखेर ते हळूच म्हणाले, "साहेब, ताईंना जरा भाईर बसवा."

आता कबुली येणार म्हणून मी हवालदाराला जबाबाचा कागद घ्यायला सांगितलं.

ती बाहेर गेल्यावर तात्या म्हणाले, "निम्म्या गावाचं आडनाव एकच. म्हणून फोल्डरला मी गावानं ठेवलेलं नाव देतो. ह्यांच्या घराला कोंबडीचोर म्हणत्यात. आज्याच्या काळापासनं हाय ते. आता सुनेच्या तोंडावर कसं सांगू?"

हवालदार मान खाली घालून हसत होता. मला हसू आलं नाही. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला. कागदावर जे नाव, तेच माणसाचं नाव, ही माझी पक्की समजूत.

फायली हलवून देणारा दुरुस्तीवाला बारामतीचा होता. लगेच जीप काढली. तो म्हणाला, नव्या मशीनची डिस्क लहान, सगळं मावेना. "मग चांगल्या नावाची तेवढी फोल्डरं घेतली. कोंबडीचोर, रडके, फुकटे... मला वाटलं, कुणीतरी चेष्टा केलीय." जुनी हार्ड डिस्क? कोरी करून विकायच्या ढिगात, वरून दुसरी. पहिली त्याने नुकतीच कोरी करायला लावली होती.

पंचांसमक्ष डिस्क ताब्यात घेतली, फोटोंची प्रत काढली, मूळ डिस्क सीलबंद केली. फोटो त्याच डिस्कवरचे असल्याचं प्रमाणपत्र दुरुस्तीवाल्याकडून लिहून घेतलं. फोटो होते. सासरे स्वतः अक्षता टाकत होते. पुढे वकिलाने ते कोर्टात दिले आणि सासऱ्यांना लग्न कबूल करावं लागलं.

ओळख पटवायला बाईला स्क्रीनसमोर बसवलं, तेव्हा फोल्डरचं नाव झाकायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. तिने ते वाचलं. तात्यांनी मान फिरवली.

"आमच्या घराला म्हणत्यात हे?" तिने विचारलं. हवालदाराने हळूच मान डोलावली. मग ती हसली आणि हसता हसता तिने पदर तोंडाला लावला. "घरात कोंबडी शिजली की ह्ये दर वेळी म्हणायचं, 'ही इकत आणलीया बरं का.' मी म्हणायची, मग दुसरी कशी आणत्यात? तर नुसतं हसायचं. आज कळलं."

चौकशीत गप्प बसणारा स्वतःला वाचवत असतो, असं मी नोकरीभर मानत आलो. कधी तो समोरच्याचं मन जपत असतो, हे मला तात्यांकडून कळलं, आणि तेही त्यांच्यावर ओरडून झाल्यावर.