गाजरगवतावरच्या पिवळ्या गोळ्या

हे अजून माह्या नवऱ्यालेही ठाऊक नाई. तूच पहिली ऐकून राह्यली. तसं सांगाची गरज नव्हती म्हणा — कोणी विचारलं नाई, कोणाले संशय नाई. पण थकली मी आता. किती वर्सं पोटात घेऊन हिंडावं?

बोरी अरबच्या वावरांत निंदणाले जाते ना, ती बायांची टोळी माही. त्यात वच्छी, माही शेजारीण. दोघी एकाच साली लग्न होऊन आलो. तिचा हात असा, का ती पुढं गेली का बाकीच्या तिच्यामागं आपोआप ओढल्या जात. पण वावराच्या कडेले धुऱ्यावरचं गाजरगवत फुलावर आलं का तिच्या शिंका सुरू. डोये लाल, नाकाले धार. आम्ही हासत होतो. मीच जास्त.

एकदा छाती वाजाले लागली, तवा दारव्ह्याच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलती. इथवर त बरंच केलं ना मी? तिले आत सुई देऊन राह्यले होते, अन डॉक्टरनं मले बाजूले घेऊन सांगतलं — फुलोऱ्यात हिला वावरात नेऊ नका, दमा धरेल. तोंडानं ओढाच्या दम्याच्या पंपाची चिठ्ठी देली. मी मान हालवली.

अन मनात काय आलं माहीत हाये? तीन वावरं निंदाची राह्यली होती. वच्छी नसली त टोळी फुटते — हेच आलं. तिचा जीव नाई आला.

चिठ्ठी चुलीत टाकली. घरात माह्या अशक्तपणावरच्या ताकदीच्या गोळ्या होत्या, पिवळ्या. पाकिटातून काढून कागदात बांधल्या, नाव दिसू नये म्हणून. इतकी अक्कल बरी सुचली! तिले म्हणली, डॉक्टरनं देल्या, रोज एक घे अन कामाले चाल.

दोन दिवसांनी वच्छी खुशीत. त्या गोळ्यांनं लघवी पिवळीजर्द होते ना — तिले वाटलं, अंगातलं सारं इख उतरून राह्यलं. मी म्हणली, मंग!

हिवाळ्यात फुलोरा सरला, शिंका आपोआप थांबल्या. नाव झालं माहं. मंग दर साली ती गोळ्या मागे, मी देत गेली. चार सालं. निंदणाच्या घाईत कसं सांगावं, अन निंदण सरल्यावर कायले सांगावं? असंच चाललं.

आता वच्छी ओट्यावर बसून असते. गुंडभर पाणी उचललं का दम लागते. पंप आला, पण उशिरा. डॉक्टरनं विचारलं, इतके दिवस काय घेत होत्या? तिनं माह्याकडं बोट केलं — हिच्या गोळ्यांनंच इतकी जगली, म्हणे. डॉक्टरनं मले विचारलं, कोणत्या गोळ्या? मी म्हणली, आठवत नाई.

तिच्या जागी आता तिची सून येते टोळीत. गुणाची पोरगी. परवा धुऱ्याजवळ तिले शिंका लागल्या, एकावर एक. सांजच्याले वच्छीनं ओट्यावरून हाक मारली.

"कांता, त्या गोळ्या हायेत का वो? सुनेले पाह्यजेत."

सारं तोंडापर्यंत आलतं. दम लागलेला, तरी हासून राह्यली होती ती.

मी घरात गेली. पाच गोळ्या कागदात बांधल्या. सुनेच्या हातात देल्या अन म्हणली, उद्या लवकर ये.