डोक्यावरचा पट्टा आणि देवळालीचे रविवार

एखादं काम पहिल्या झटक्यात जमलं तर त्याचा किस्सा होत नाही, फार तर फोटो होतो. आमचं काम कधीच पहिल्या झटक्यात जमलं नाही. त्यामुळे आमच्याकडे फोटो मोजके आणि किस्से पोतंभर. परवा साधनाचा फोन आला आणि पोत्याचं तोंड सुटलं.

काम काय होतं, तर डोक्याला हेडसेट लावून मेंदूच्या लहरी कॉम्प्युटरवर पकडायच्या आणि त्यावर एखादी वस्तू चालवून दाखवायची. दवाखान्यातलं मोठं ईईजी मशिन नव्हे. कपाळाला आणि कानामागे टेकणारा, कुणीही ऑनलाइन मागवू शकेल असा स्वस्तातला पट्टा. मी तेव्हा नाशिकच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. साधना चांदवडची, सॉफ्टवेअरमध्ये. इरफान मालेगावचा, सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. रविवारी आम्ही तिघं देवळाली कॅम्पात कदमकाकांच्या मागच्या खोलीत जमायचो. काका फौजेतून, सिग्नल्समधून रिटायर झालेले. खोली त्यांची, चहा काकूंचा, आणि आमच्या चुका बघायला काका स्वतः खुर्ची टाकून बसायचे.

*

कंपनीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायचं. आमचा लॅपटॉप म्हातारा, त्यावर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स. कुठल्याशा देशातल्या एका भल्या माणसाने त्याच पट्ट्यासाठी कोड लिहून सगळ्यांसाठी मोकळा ठेवला होता, त्याच्या भरवशावर आमचा संसार.

पण पट्ट्याच्या लहरी पकडणारा जो छोटा रिसीव्हर लॅपटॉपला जोडायचा, त्याला लॅपटॉप हातच लावू देईना. दर वेळी एकच उत्तर : परमिशन नाही. इरफानने रिसीव्हर उघडून पुन्हा सोल्डर केला, मी केबल बदलली. कितीतरी रविवार गेले. शेवटी साधनाला सापडलं की तो पोर्ट वापरायची मुभा असलेल्यांच्या ग्रुपमध्ये आमच्या युजरचं नावच नव्हतं. एक ओळ टाइप केली आणि स्क्रीनवर रेघा धावू लागल्या.

काकांनी तिच्याकडून सगळं नीट समजावून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे माणूस बरोबर, सामान बरोबर, फक्त गेटवर नाव दिलेलं नाही. अरे, मग हा कॉम्प्युटर नाहीच. हे आमचं युनिट आहे."

*

सुरुवातीला इरफान मित्राच्या विंडोज लॅपटॉपवर कंपनीचंही सॉफ्टवेअर चालवून बघायचा. त्यात रंगीत काटे होते. तुमचं लक्ष किती, मन शांत किती, सगळं काटा सांगणार. इरफानला ते फार आवडायचं.

काकांना मात्र पटेना. एकदा ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि काकूंनी बाजारातून आणलेला दुधी घेऊन आले. त्याला ओला नॅपकिन गुंडाळला, वरून पट्टा बसवला आणि दुधी टेबलावर ठेवला. लक्षाचा काटा हळूहळू चढत गेला आणि वर जाऊन स्थिरावला. आसपासचा विजेचा खरखराट पट्टा उचलत होता, दुसरं काही नाही.

 काका दुधीकडे कौतुकाने बघत म्हणाले, "याला काहीतरी शिकवा. लक्ष आहे पोराचं."

त्या दिवसापासून आम्ही काटे सोडले आणि फक्त कच्च्या रेघा वाचायला शिकलो.

*

साधना चांदवडला गेली की आई तिच्या डोक्यावर तेल थापल्याशिवाय तिला परत पाठवायची नाही. तेलकट कातडीवर पट्ट्याची टोकं धरत नसत, म्हणून तिने आईला तेल बंद करायला सांगितलं. मुलगी तेलाला नाही म्हणते, म्हटल्यावर आईला शंका आली. एका रविवारी ती साधनाबरोबरच देवळालीला हजर.

त्या दिवसांत साधनाला स्थळं येत होती आणि ती एकेक करून परतवत होती. आईने खोली बघितली, आम्हाला बघितलं, साधनाच्या कपाळावरचा पट्टा बघितला. मशिनवर काय दिसतं, म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, डोक्यात चाललेलं थोडंफार.

"मंग लग्नाचं नाव काढून बघू का?" आई म्हणाली, आणि नाशिकरोडच्या एका स्थळाचं नाव घेतलं.

साधनाने दात आवळले. जबड्याचे स्नायू आवळले की रेघा वेड्यासारख्या उडतात. मेंदूचा त्यात काही संबंध नसतो. पण हे आईला कोण सांगणार? स्क्रीन रेघांनी वरपासून खालपर्यंत काळी झाली.

आईने थोडा वेळ बघितलं. मग पदर सारखा करत म्हणाली, "मशिन चांगलं हाय. त्या स्थळाला नाय म्हनून कळवते."

*

माणूस डोळे मिटून शांत बसला की एक संथ, गोल लहर वाढते, तिला अल्फा म्हणतात. आम्ही ती टेबलफॅनला जोडली. अल्फा वाढली की फॅन सुरू, गेली की बंद. आमच्या प्राचार्यांना ते इतकं आवडलं की कॉलेजच्या कार्यक्रमात त्यांनी पट्टा थेट प्रमुख पाहुण्यांना लावायला लावला.

पाहुण्यांनी डोळे मिटले, फॅन गरगरला, टाळ्या झाल्या. मग प्राचार्यांचं भाषण सुरू झालं. पाहुणे डोळे मिटून चिंतन करत होते, फॅन फिरत होता, प्राचार्य रंगात आले होते. थोड्या वेळाने फॅन मंदावला आणि थांबला.

प्राचार्य भाषण तोडून माझ्याकडे झुकले. बिघडलं का, म्हणून हळूच विचारलं.

अल्फा गुंगीपर्यंतच टिकते. त्यापुढे ती विरून जाते. मी म्हटलं, "नाही सर, साहेबांना झोप लागली."

माइक चालू होता.

*

काका गेले. काकू मुलाकडे राहायला गेल्या, त्या खोलीत आता भाडेकरू आहे. साधना पुण्याला, स्वतःच्या पसंतीने लग्न करून सुखात. मी अजून कधीकधी कामाशिवाय कॅम्पात जातो, बाजारातून एक चक्कर मारून परत येतो. पट्टा इरफानकडे राहिला.

*

इरफानच्या अब्बांनी मालेगावात जन्मभर विजेवरचे लूम, म्हणजे कापडाचे माग, चालवले. घर आणि कारखाना यांच्यात एकच भिंत, आणि लूम रात्रंदिवस चालू. ते तिथेच जन्मले, तिथेच म्हातारे झाले. गुडघे गेले तेव्हा लूम विकले आणि इरफानने त्यांना नाशिकला पाथर्डी फाट्याच्या आपल्या फ्लॅटवर आणलं. शांत सोसायटी, मागच्या बाजूला मळे. इथे अब्बांची झोप गेली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दिवसभर डोकं जड राहायचं, म्हणून त्या त्यांनी सोडल्या. बघता बघता वाळले. भिंत धरून चालू लागले. इरफान फोनवर मला म्हणाला, "सर, तुम्ही या. मला भीती वाटते."

मी दुपारी गेलो. त्याने कपाटातून पट्टा काढला. अब्बांनी निमूटपणे लावून घेतला आणि डोळे मिटले. स्क्रीनवर नुसत्या काटेरी रेघा. अल्फाचा पत्ता नाही. आम्ही टीव्ही बंद केला, खिडक्या लावल्या, सुनेने मिक्सर थांबवला. जितकी शांतता वाढली, तितक्या त्या काटेरी रेघा दाट झाल्या.

इरफान बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग त्याने मालेगावला चुलतभावाला फोन लावला आणि मोबाइल चालू लूमजवळ ठेवून दे, असं सांगितलं. इकडे त्याने स्पीकर मोठा केला. खटखट-खटखट-खटखट, खोली नुसती भरून गेली. मला माझंच बोलणं ऐकू येईना.

अब्बांचे खांदे खाली आले. स्क्रीनवर पहिली गोल लहर उठली, मग दुसरी, मग सलग. इरफानने माझा हात घट्ट धरला. हळूहळू लहरी विरल्या, अब्बांची मान कलली आणि तोंड थोडं उघडं पडलं. आम्ही तसेच बसून राहिलो. चहा आला, निवला. सून दारात उभी राहून डोळे पुसत होती.

मग फोन कट झाला.

खोलीत एकदम सामसूम. वर पंखा फिरत होता. अब्बांनी दचकून डोळे उघडले आणि विचारलं, "लाइट गई क्या?"