वैशाखातल्या सव्वाशे खुर्च्या

ताई गेल्याची तार अकोल्याला आली तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. तार वाचली आणि पुन्हा निवडायला लागले. सूप रिकामं झाल्यावर लक्षात आलं, आता उठायला हवं... अमरावतीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता दीड महिना झाला, पण मन काही ठिकाणावर येत नाही.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. राजापेठेत आमचं बिछायतीचं दुकान होतं. लग्नकार्याला खुर्च्या, टेबलं, गाद्या, सतरंज्या भाड्यानं द्यायच्या आणि बदलीवर आलेल्या मास्तरांना, कारकुनांना महिन्याच्या बोलीवर पलंग-टेबल-खुर्ची पुरवायची. दुकान नावाला मामंजींचं, पण चालवायच्या ताई. माहेर मोर्शीकडचं, शिक्षण चौथीपर्यंत. सकाळी परत आलेल्या एकेका खुर्चीवर त्या स्वतः बसून बघत. बसायच्या, मागे रेलायच्या, कान देऊन ऐकायच्या, आणि मग ‘चालते’ नाहीतर ‘हिले सुताराकडे न्या’ असा निकाल द्यायच्या. मी नवी नवरी, मॅट्रिक झालेली, त्यातून अकोल्याची! पदर तोंडाला लावून हसायची. एकदा त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, “हास तू. पण म्हातारा माणूस खाली पडला तं कोणी हासत नाही.” त्यानंतर मी हसले नाही.

गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. माझ्या लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते. चैत्रातल्या एका दुपारी ताई मागच्या अंगणात गाद्या उन्हात घालत होत्या आणि दुकानात एका मारवाडी शेठजींचे मुनीम आले. शेठजींच्या मुलीचं लग्न, सव्वाशे खुर्च्या हव्यात, जेठ वदी पंचमीला. माझं अक्षर मोत्यासारखं, असं शाळेत सगळे म्हणत. मी ऐटीत वही ओढली आणि लिहिलं, ‘ज्येष्ठ वद्य पंचमी, खुर्च्या सव्वाशे.’ ताईंना आत जाऊन सांगावं असं मनातसुद्धा आलं नाही. ‘हे लोक मारवाडी, यांचं पंचांग निराळं,’ हे त्यांनी क्षणात ओळखलं असतं. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. वद्य पक्षात त्यांचा जेठ लागतो तेव्हा आपला वैशाखच चालू असतो. म्हणजे ते लग्न मी लिहिलं त्याच्या बरोबर एक महिना आधी होतं.

वैशाखातल्या त्या पंचमीला सकाळी मुनीम दारात उभे. “बाईजी, कुर्सियाँ कितने बजे भेजोगे?” ताईंनी वही उघडली. मी पाठीमागून माझीच ओळ वाचत होते. दुकानात एक धड खुर्ची नव्हती. सगळ्या आदल्या दिवशीच मोर्शीच्या लग्नाला बंड्या भरून गेल्या होत्या, आणि माझे यजमान, भाऊजी, हमाल सगळे तिकडेच. मामंजी कामानिमित्त अकोल्याला. घरात आम्ही दोघीच, आणि संध्याकाळी गोरज मुहूर्तावर एका मुलीचं लग्न.

ताईंनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मुनिमांना त्या म्हणाल्या, “चार वाजता येतीन.” आणि वही मिटली.

नंतर जे झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. महिन्याच्या भाड्यानं दिलेली एकेक खुर्ची कुठल्या घरी आहे, हे त्या बाईला तोंडपाठ होतं. कोर्टाकडच्या वकिलांकडे नऊ, हेडमास्तरांकडे चार, पोस्टातल्या बाबूंकडे दोन... शेजाऱ्याला त्याची बैलबंडी जुंपायला लावली, मला बरोबर घेतलं आणि डोक्यावर पदर ओढून वैशाखातल्या त्या उन्हात दारोदार निघाल्या. रडगाणं नाही, सबबी नाहीत. “आज एका पोरीचं लगन हाये. तुमची खुर्ची पायजे. उद्या सकाळी आणून देतो.” बस्स. वकीलसाहेब पक्षकारांशी बोलत होते. ते आधी स्वतः उठले. “घेऊन जा बाई. आज आम्ही सतरंजीवर बसून वकिली करू,” म्हणाले, आणि वर घरातल्या स्वतःच्या दोन खुर्च्या दिल्या. मग ती रीतच पडली. भाड्याची मागायला जावं, तर लोक घरचीही काढून द्यायचे. हेडमास्तरांची आई गुडघ्यांनी अधू. ती आपली खुर्ची सोडून उठायला लागली, तर ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “तुमची नाही नेत, आजी.” एक कमी पडली तरी चालेल, पण ती नाही!

चारला शेठजींच्या मांडवात खुर्च्या लागल्या. वेताच्या, हाताच्या, बिनहाताच्या, शाळेतली स्टुलंसुद्धा. शेठजींचं तोंड उतरलं. ताई पुढे झाल्या. “शेठजी, चूक आमची झाली. तुमच्या लेकीच्या लग्नासाठी ह्या पन्नास घरांतून आणल्या. बसाले सगळ्या पक्क्या हायेत, मी पाह्यल्या.” शेठजींनी वकिलांची हाताची खुर्ची स्वतः उचलली आणि नवरदेवाच्या आजोबांसाठी पुढे मांडली. लग्न लागलं.

माझं खरं मरण दुसऱ्या दिवशी होतं. मामंजी परतले आणि त्यांच्या कानावर सगळं गेलं. डोळ्यांत मोतीबिंदू, अक्षर ओळखू येत नसे. वही पुढे टाकून त्यांनी विचारलं, “हे कोणं लिवलं?” मी तोंड उघडणार... निदान उघडणार होते असं मी स्वतःला सांगत आले आहे. त्याआधी ताई म्हणाल्या, “म्या.”

“इतके वर्स झाले अन् तुले एवढंही समजत नाही? वही आजपासून धाकटीच्या हाती.”

ताईंनी वही उचलून माझ्या हातात दिली आणि खुर्च्या परत पोचवायला निघून गेल्या. ती वही पुढे आठ वर्षं, आम्ही अकोल्याला बिऱ्हाड हलवेपर्यंत, मी लिहिली. धाकटी सून फार नेटकी, असं अख्खी राजापेठ म्हणायची. ताई ऐकायच्या आणि मान डोलवायच्या.

गेल्या दिवाळीत त्यांना भेटले तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. मी धीर करून विचारलं, “ताई, तेव्हा तुम्ही माझं नाव काहून नाही घेतलं?” त्यांना आठवायला जरा वेळ लागला. मग म्हणाल्या, “तू नवी होतीस. मले बोलले तं मी उद्या तिथंच राह्यली असती. तुले तवा या घरात बसालेबी जागा भेटली नोती.”

मामंजी गेले, आता ताईही गेल्या. कबुली द्यावी असं माणूस घरात उरलं नाही. म्हणून इथे, सगळ्यांसमोर सांगते... ती ओळ मी लिहिली होती.