आईच्या घड्याळाचं मशीन आणि कोल्हापूरचं ‘चालतंय’

घड्याळ मी बिघडवलं, हे आधीच लिहून टाकते. म्हणजे पुढे वाचताना कुणाला कोल्हापूरच्या कारागिराचा दोष वाटायला नको.

आई नर्स होती. तिच्या मनगटावर एकतीस वर्षं एकच चावीचं घड्याळ आहे, आता बंद पडलेल्या एका भारतीय कंपनीचं. ते दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. आई रोज सकाळी चावी देते, काटा चार मिनिटं पुढे सरकवते आणि कामाला लागते. कशाशी ताडून बघत नाही. मी चाकणच्या एका कारखान्यात मोजमाप विभागात काम करते. दिवसाला चार मिनिटं हा आकडा मला सहन होत नव्हता. दुरुस्त करून देते, असं मी दोनदा म्हणाले होते. दोन्ही वेळा ती म्हणाली, “मला माहीत आहे ते किती मागे पडतं. तुला काय त्रास आहे?”

जानेवारीत ती दहा दिवसांसाठी मामाकडे नगरला गेली. जाताना घड्याळ माझ्याकडे दिलं. पट्टा तुटला होता, तो बदलायचा होता. “फक्त पट्टा,” असं ती दारात परत म्हणाली. त्याच संध्याकाळी मी मागचं झाकण उघडलं. चिमटा घसरला आणि बॅलन्स, म्हणजे आत सतत मागे-पुढे फिरणारं चाक, थांबलं. भिंगातून पाहिलं तर त्याची केसाएवढी दांडी मोडली होती.

पुण्यात पाच ठिकाणी गेले. दोघांनी आतलं मशीन काढून सेलवालं बसवा म्हणून सांगितलं, सहाशे रुपये. एका ठिकाणी साडेचार हजार आणि दीड महिना. उरलेल्या दोघांनी घड्याळ हातातही घेतलं नाही. शेवटी जुन्या बाजारात त्याच बनावटीचं एक सुटं मशीन चारशेला मिळालं. ते कामावर तपासलं, दिवसाला फक्त सहा सेकंद पुढे. यातला बॅलन्स काढून आईच्या मशीनमध्ये घालायचा, एवढंच काम. ते करणारा माणूस कोल्हापुरात शिवाजी पेठेत आहे, असं ऑफिसातल्या एका कोल्हापूरकराने सांगितलं. आई रविवारी संध्याकाळी परतणार होती. मी गुरुवारी सकाळी सहाला स्वारगेटहून निघाले.

एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास स्वस्त पडतो. वेळेचं मात्र सांगता येत नाही. महामार्गाचं काम ठिकठिकाणी चालू आहे आणि कऱ्हाडच्या आसपास बस बराच वेळ जागची हलली नाही. पोहोचायला साडेसात तास लागले. स्टँडबाहेर मिसळ खाल्ली. तुम्ही जाणार असाल तर कट, म्हणजे वरचा तिखट रस्सा, वेगळा मागून घ्या आणि पावाऐवजी ब्रेड येतो याचं आश्चर्य वाटू देऊ नका. तिथून रिक्षाने शिवाजी पेठ.

दुकान म्हणजे तालमीला लागून असलेली, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशी खोली. कारागिराला सगळे आप्पा म्हणतात. वय सत्तरीच्या आसपास, कपाळावर विभूती, डोळ्याला भिंग. एक गिऱ्हाईक बाकावर बसून चहा पीत होतं. मी काम सांगितलं तसं त्यानेच आधी विचारलं, “पावणं कुटलं?”

पुण्याची आहे म्हटल्यावर तो म्हणाला, “पुण्यात घड्याळ बगायला माणसं हाईत, उघडायला न्हाईत व्हय?”

आप्पांनी झाकण काढून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कुणी उघडलं होतं, असं विचारलं. मी म्हणाले, उघडलं होतं कुणीतरी. त्यांनी भिंग न काढताच माझ्या हातांकडे एकदा पाहिलं आणि परत घड्याळावर वाकले.

दुसऱ्या मशीनमधला बॅलन्स काढून घाला, मूळ मशीन तेच ठेवा, असं मी दोन वेळा सांगितलं. ते “हाय की, हाय की” म्हणत होते. त्याचा अर्थ ‘समजलं’ असा आहे, की ‘करतो’, की ‘बघू’, हे मला कळलं नाही. तेवढ्यात बाहेरून हाका सुरू झाल्या आणि आप्पांनी भिंग काढून ठेवलं. पेठेच्या संघाची फुटबॉलची मॅच होती. दुकान बंद होणार होतं, शेजारची तीन-चार दुकानंही बंद होणार होती. माझा फोन नंबर लिहून घेतला आणि शनिवारी या, म्हणाले. मी शनिवार नक्की ना, असं विचारलं. ते कुलूप लावत म्हणाले, “मॅच हारलो तर जरा उशीर हुईल.”

हे विनोदाने म्हटलं होतं का, तेही मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी रंकाळ्यावर चालले, मग गंगावेशीत गेले. तिथे म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात, समोर धार काढतात आणि ते फेसाळ कोमट दूध ग्लासात घालून हातात देतात. मला दूध आवडत नाही. दोन ग्लास प्यायले.

शुक्रवार मोकळा होता म्हणून गगनबावड्याला गेले. रंकाळा स्टँडवरून एसटी मिळते, दोन तास धरा. हंगाम चालू असल्याने रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जावं लागतं. कळे गाव सोडल्यावर डोंगर जवळ येतात. वर स्टँडजवळ चहा आणि गरम भजी मिळतात, त्यापुढे खाण्याची फारशी सोय नाही. गगनगडाच्या पायऱ्या चढताना धुकं होतं. वर पोहोचले तेव्हा ते एकदम फाटलं आणि खाली कोकण दिसलं, सरळ, जमीन मोजपट्टी लावून कापावी तसं. वारा जोरात होता. तिथेच आप्पांचा फोन आला.

रेंज जात-येत होती. ते म्हणाले, “ताई, ते दुसरं मशीन चालतंय का?”

प्रश्न विचित्र वाटला. मशीन त्यांच्या टेबलावर होतं, चावी दिली की कळलं असतं. पण कदाचित त्यांना अचूकता विचारायची असेल. मी म्हणाले, “चालतंय. चांगलं चालतंय. दिवसाला सहा सेकंद.”

“मग काय काळजी न्हाई,” ते म्हणाले आणि फोन कटला.

शनिवारी दहाला दुकानात गेले. पेठ मॅच जिंकली होती हे आप्पांच्या चेहऱ्यावरून कळलं. घड्याळ तयार होतं, काच घासलेली, नवा पट्टा चढवलेला. कानाला लावलं. आवाज वेगळा होता, बारीक आणि घाईचा. मी विचारलं, फक्त बॅलन्स बदलला ना? आप्पांनी एक लहान डबी पुढे सरकवली. आत आईचं मशीन होतं.

“तुमीच म्हणाला की, चालतंय,” ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं. आमच्याकडे परवानगी विचारायची तर ‘चालेल का’ म्हणतात. ‘चालतंय का’ म्हणजे मशीन फिरतंय का, एवढंच. इथे दोन्हीला एकच शब्द आहे. त्यांनी परवानगी मागितली होती आणि मी चाचणीचा निकाल सांगितला होता.

त्यांनी कारण नीट समजावलं. नुसती दांडी नाही, ती ज्यात फिरते तो बारीक दगडही तडकला होता. तो मुंबईहून मागवायचा तर तीन आठवडे. शनिवारपर्यंत हवं होतं म्हणून अख्खं मशीन बदललं. मजुरी साडेतीनशे. कामात चूक काढायला जागा नव्हती. उलट घड्याळ एकतीस वर्षांत पहिल्यांदा बरोबर वेळ दाखवत होतं.

अडचण तीच होती. आई सोमवारी सकाळी चावी देऊन काटा चार मिनिटं पुढे करणार. मंगळवारी परत चार. आठवड्यात अठ्ठावीस मिनिटं.

मी आप्पांना म्हणाले, हे रोज चार मिनिटं मागे पडेल असं लावून द्याल का?

त्यांनी भिंग कपाळावर चढवलं. “मागं पाडू?”

“चार मिनिटं. दिवसाला.”

“पन्नास वर्सं झाली हितं बसतोय. मागं पडतंय म्हणून माणसं भांडाय येत्यात. मागं पाड म्हणून कोण आलं न्हवतं.” मग त्यांनी विचारलं, “घड्याळ कुणाचं?”

आईचं, म्हणाले. मग बाकीचंही सांगितलं. मी अनोळखी माणसांना सहसा काही सांगत नाही. त्या खोलीत पाच मिनिटांत सगळं सांगून झालं.

ते हसले नाहीत. झाकण उघडलं, घड्याळ माझ्यासमोर ठेवलं आणि चिमटा माझ्या हातात दिला. बॅलन्सच्या वर वेग कमी-जास्त करणारी एक वेगळी बारीक दांडी असते, ती दाखवली. ती ‘उणे’कडे सरकवली की घड्याळ मंदावतं, हे मलाही माहीत होतं. “मी न्हाई करणार,” ते म्हणाले. “तुमी करा. आई तुमची हाय.”

मी चिमटा दांडीपर्यंत नेला. अर्ध्या मिलिमीटरचं काम. मग चिमटा खाली ठेवला. प्रामाणिकपणा म्हणून ठेवला, की दुसरंही मशीन मोडेल या भीतीने, हे आज तीन आठवड्यांनंतरही मी सांगू शकत नाही. आप्पांनी झाकण बसवलं. मजुरीतून पन्नास परत देऊ लागले ते मी घेतले नाहीत. निघताना म्हणाले की दगड मागवून ठेवतो, जुनं मशीन घेऊन परत या.

येताना बस सहा तासांत आली. रविवारी संध्याकाळी आई परतली, नवा पट्टा बघून बरा आहे म्हणाली आणि घड्याळ उशाशी ठेवून झोपली.

सोमवारी सकाळी मी स्वयंपाकघरात उभी होते. तिने चावी दिली. नेहमीइतके वेढे मोजले. मग काटा सरकवायला चावी बाहेर ओढली.

“थांब,” मी म्हणाले. डबी तिच्यासमोर ठेवली आणि क्रमाने सांगितलं. झाकण, चिमटा, पुणे, कोल्हापूर, फोन. ‘चालतंय’ही सांगितलं. रागावली तर काय बोलायचं हे मी ठरवून ठेवलं होतं, तीन वाक्यं होती.

आईने डबीतलं मशीन तळहातावर घेतलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. ते आत असं दिसतं हे तिला माहीत नव्हतं.

“रंकाळ्यावर गेलीस?”

हो म्हणाले.

“गगनबावड्याला गडावर चढलीस?”

“हो. वरून कोकण दिसतं.”

तिने मशीन डबीत ठेवलं, झाकण लावलं.

“मग मला का नाही नेलंस?”

माझी तिन्ही वाक्यं याला लागू पडत नव्हती. तिने चावी आत दाबली, काटा होता तिथेच ठेवला आणि घड्याळ मनगटावर बांधून चहाचं आधण ठेवायला वळली.